धुराड्यातल्या हवेची चोरी

ती घटना आठवली की आजही हसू आवरत नाही. तेव्हा मी अकोट भागात ठाणेदार होतो. कपाशीनं सलग दगा दिलेला, सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद. तिथलं काम सुटलेल्या एका मुसलमान फिटरनं स्पिरिट कारखान्याच्या भिंतीला लागून सोड्याचं दुकान टाकलं होतं.

एका सकाळी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ ठाण्यात आले. "कारखान्यातून त्या सोडेवाल्याच्या शेडात पाइप गेला हाय. स्पिरिट चोरून राहिला तो!" डायरीत नोंद केली, पंच घेतले, छापा टाकला. पाइप खरंच होता.

फिटर हात जोडून म्हणाला, "साहेब, दारूले मी हात नाई लावत. टाकीत मळी आंबते, तिची हवा धुराड्यातून वाया जाते. थेच धरतो अन् सोड्यात भरतो. मॅनेजरनं तोंडी हो म्हटलं."

"हवा कोनी चोरते काय रे?" हवालदार खेकसला.

"उद्या पोरीची मंगनी हाय. दारूचोर म्हनून नाव निघालं तं मोडंल, साहेब." त्याला रडूच फुटलं. मला वाईट वाटलं, पण रडणं म्हणजे पुरावा नव्हे.

पाइपातली हवा बादलीत धरली, दूर अंगणात नेली, पेटती काडी आत धरली. स्पिरिटची वाफ असती तर भडका उडाला असता. काडी फुस्स! तीनदा फुस्स!

मॅनेजरला विचारलं. संमती त्यानं कबूल केली, पण हवा कामाची आहे हे कळताच म्हणतो, "मग ती आमचीच!" वा रे वा! कलमं चाळली. सोडून दिलेली हवा कोणाची, हे कुठंच नव्हतं. दाबानं वायू भरायला परवाना हवा, तेवढं होतं. शिवाय ही हवा खाली साचते, बंद शेडात माणूस गुदमरतो. चोरीचा संशय मिटवला, पाइप बंद केला आणि परवान्याचा अर्ज मीच लिहून दिला.

मग त्या गृहस्थांना जबाबाला बोलावलं. "तुमचा काय संबंध?"

"मी नवऱ्या पोराचा मामा. सोयरिकीआधी चौकशी नाई करा लागत काय?"

"अहो, मग पोलिसांना कशाला पाठवलं?"

"तुमच्याइतकी पक्की चौकशी कोन करते, साहेब!"

त्या दिवसापासून एक शिकलो. कलम सापडेना तर घाईनं बेडी ठोकू नये. आधी काडी पेटवून पाहावी.

मंगनीला मलाही आवतण होतं. पाइप बंद, म्हणून सोड्याऐवजी सरबत. फिटर कानाशी येऊन आनंदानं म्हणाला, "साहेब, पोराचे मामा लय भले. भर बैठकीत म्हनाले, या घराची जिम्मेदारी माही!"

खबऱ्याचं नाव सांगायचं नसतं. मी सरबत पीत राहिलो.