हौदाचे तीर्थ झाले तेव्हा

त्या उन्हाळ्यात आमच्या पेठेतल्या हौदाला वास येऊ लागला. कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने त्यात येई, पण हौद उपसून कैक वर्षे झाली होती. काठावर धुणी होत, भांडी घासली जात, आत निर्माल्य पडे, आणि पिण्याच्या घागरीही तिथेच भरत. घरोघर ढाळ आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. आमची पाच वर्षांची मुलगीही अंथरुणाला खिळली.

कुटुंब, म्हणजे मुलीची आई, लांबच्या विहिरीवरून एक घागर आणी आणि मुलीपुरते पाणी उकळी. "त्या विहिरीतही आता तळ खरवडावा लागतोय," ती म्हणाली. "आटली की हिला हौदाचंच द्यावं लागेल. काय ते बघा."

हौद उपसायला पेठेतल्या सरदारांचा होकार लागे. मी दफ्तरातला कारकून. हात जोडून उभा राहिलो. त्यांच्याकडे मुंज होती. "पंक्तीवर पंक्ती उठायच्यात, आणि तुम्ही हौद रिकामा करायला निघालात? साथीचा बंदोबस्त आम्ही करतो."

बंदोबस्त म्हणजे अनुष्ठान. हौदावर मांडव पडला, चौघडा झडला. रोगाला कान असते तर तो तेवढ्यानेच पळाला असता. सांगतेला अभिषेकाचे दूध, दही, तूप, मध घंगाळांनी हौदात ओतले, म्हणजे पाण्यालाच गुण यावा. दुसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर जो दर्प सुटला, त्याने माश्यांची मात्र श्रद्धा वाढली.

मी अनुष्ठान चालवणाऱ्या शास्त्रीबुवांकडे गेलो.

"हौदातलं पाणी आता तीर्थ झालं ना?"

"झालंच. शंका आहे?"

"छे. म्हणूनच विचारतो, परसाकडे जायचा तांब्या आता कुठे भरावा?"

शास्त्रीबुवांनी सोवळे सावरले.

"आणि खरकटी भांडी? बाळंतिणीची धुणी?"

"तीर्थात? अब्रह्मण्यम्!"

"मग एकदा हौदावर येऊन जाता का?"

ते आले. काठावर नेहमीचीच गर्दी होती. शास्त्रीबुवांनी जे पाहिले, त्याने त्यांना संध्यास्नान पुन्हा करावे लागले. तीर्थाची विटंबना थांबवायला त्यांनी सरदारांना एकच मार्ग सांगितला: सगळे पाणी सन्मानाने मुठा नदीत सोडणे. घाण म्हणून जो हौद उपसता येत नव्हता, तो पवित्र म्हणून लगेच उपसता आला. नळाचे तोंड बंद केले. तीर्थाला कातडे चालत नाही, म्हणून पखाली नाहीत. सारी पेठ घागरी घेऊन रांगेला लागली. पहिली चांदीची घागर सरदारांबरोबर पालखीतून गेली. मुंजीचे आचारी शिव्या देत नदीच्या वरच्या अंगाहून पाणी आणत होते. खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी आमच्या तीर्थाचे काय केले, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

तळाचा गाळ निघाला. त्यात काय नव्हते, तेवढेच सांगणे सोपे. मग हौद घासून नळ सोडला.

विहीर तोवर आटली होती. कुटुंबाने हौदाची घागर भरून आणली, पाणी गाळले आणि तरीही उकळले. मुलीने दोन घोट घेतले. आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे पाहत बसलो. पाणी पोटात राहिले. संध्याकाळी तिने आपण होऊन पुन्हा मागितले.

तेवढ्यात सरदारांकडून प्रसादाचे लाडू आले. अनुष्ठानाचा गुण आला का, अशी विचारपूसही होती.

"आला म्हणून सांगा," कुटुंब म्हणाली, "आणि ते लाडू वर ठेवा. हिला आधी पेज."