गंगावेशीत दाखविलेला नैवेद्य

करवीरनिवासिनी जगदंबेच्या चरणी साष्टांग प्रणिपात करून हा अनुभव लिहावयास घेतो. निमित्त घरगुती आहे. आज आमच्या नातीचे, कुसुमचे, नाव शाळेत घातले. ज्या शाळेत तिची आई शिकविते त्याच शाळेत ती आज आईचे बोट धरून गेली. दारात उभा राहून त्या दोघींना पाहताना कुसुमच्या लहानपणीचा एक कठीण काळ मला आठवला.

त्या वर्षी सूनबाईस मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली. चिरंजीव नोकरीसाठी सकाळच्या गाडीने हातकणंगल्यास जात. त्यामुळे कुसुम दिवसभर आम्हा दोघा वृद्धांजवळ राही. ती रडत नसे, हट्टही करीत नसे. फक्त जेवत नसे. आई उंबरा ओलांडून गेली की तिचे ओठ मिटत, ते ती परत येईपर्यंत. आणि पुढे तर आईच्या हातचा घासही ती बाहेर काढू लागली. अंगावरची झबली सैल झाली. वैद्यांनी नाडी पाहून सांगितले की रोग काही नाही, परंतु असेच चालले तर साध्या तापालाही हे मूल तोंड देऊ शकणार नाही. शेजारच्या काकू ओसरीवरून ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "सून मास्तरीण झाली, पण पोर वाळली हो." पूर्वी संध्याकाळी भाजी चिरता चिरता सूनबाई वर्गातल्या मुलींची वेडीवाकडी उत्तरे आम्हांस सांगे आणि स्वतःच हसे. ते सांगणे बंद झाले होते. अखेर एके दिवशी ती म्हणाली, "मामंजी, सोमवारी शाळेत सांगून येते. आता नाही जाणार मी."

"तुझी इच्छा आहे का, मुली?"

"इच्छेचं काय, मामंजी. ती जेवली पाहिजे."

आमच्या घरची रीत अशी की देवीला नैवेद्य दाखविल्यावाचून मोठ्या माणसांनी काही घ्यावयाचे नाही. लहान मुलाला ते बंधन नाही, म्हणून कुसुमला आधी, माजघरात एकटीला पाटावर बसवून भरवीत. समोर वाटी, आणि भोवती आम्ही सारे तिच्या तोंडाकडे पाहत बसलेले. पत्नी दृष्ट काढी, मी स्तोत्र म्हणे. सूनबाई शाळेत जाऊ लागण्यापूर्वी कुसुम आईच्या पानातले वेचून खात असे. आता तिच्या पाटाशेजारी कोणाचेच पान नसे. ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

त्या शनिवारी तिसऱ्या प्रहरी मी तिला कडेवर घेऊन देवळात गेलो. पुजाऱ्यांनी दिलेले तीर्थही तिने हनुवटीवरून ओघळू दिले. आजवर देवीजवळ पुष्कळ मागितले होते, नवसही बोललो होतो. त्या दिवशी मात्र नवस बोललो नाही. इतकेच म्हणालो, "आई, पोर तुझी आहे. तूच भरव."

परतताना नेहमीच्या वाटेवर वरात अडली होती, म्हणून गंगावेशीकडून वळलो. तेथे गवळी म्हशी घेऊन उभे असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. कट्ट्यावर एक धिप्पाड पैलवान तांब्याभर दूध एका दमात पीत होता. तांब्या खाली आला तेव्हा त्याच्या काळ्याभोर मिशांवर पांढरा फेस दाटून राहिला होता. कुसुम टक लावून पाहत होती, ती खुदकन हसली. कित्येक दिवसांत ते हसू आम्ही ऐकले नव्हते.

"काय हसतीस गं? म्हातारा झालो व्हय मी?" पैलवान म्हणाला.

"पैलवान, आधी त्वांड पुसा," गवळी म्हणाला. "पोरगी भ्याल की."

"भीतीया कुठं? तिच्या वाटणीची वाट बघाय लागलीया. पावणं, द्या की तिला घोटभर."

"ती काही घेत नाही हो," मी म्हणालो.

"एकटीनं काय प्यायचं? तुमी बी घ्या तिच्यासंगं."

"देवीला दाखविल्याशिवाय मी काही घेत नाही."

"मग दावा की. आई काय लांब हाय? देवळाकडं त्वांड करा नि दावा हितनंच."

त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. मी आयुष्यात नैवेद्य दाखविला तो सोवळ्यात, देवघरात, पाण्याचे मंडल करून. त्या दिवशी म्हशींच्या मधे, रस्त्यावर उभा राहून, गवळ्याने धार काढून दिलेला पेला देवळाच्या दिशेने धरला आणि डोळे मिटले. मग एक घोट घेतला. माझ्या ओठांवर फेस आला असावा. कुसुमने तेथे बोट लावून पाहिले, पेला दोन्ही हातांनी ओढून घेतला, आणि प्यायली. थांबून श्वास घेतला, पुन्हा प्यायली.

"शाब्बास," पैलवान म्हणाला. "आता मिशी दाव." तिने तोंड वर करून दाखविली. "रोज आणा हिला. खुराक तुटाय नगं."

दुसऱ्या दिवशी मी पूजा लवकर उरकली, नैवेद्य दाखविला आणि माझे पान कुसुमच्या पाटाला लागून मांडवून घेतले. कोणी तिच्या तोंडाकडे पाहायचे नाही, एवढे सर्वांस बजावले. मी जेवू लागलो. थोड्या वेळाने माझ्या पानातील वरणभातात एक लहान हात आला.

सोमवारी सूनबाई पिशवी घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली. कुसुम आणि मी जेवत होतो. ती बराच वेळ पाहत राहिली, आणि शाळेत गेली ती शिकविण्यासाठी. त्या संध्याकाळी भाजी चिरताना तिने एका मुलीचे उत्तर सांगितले आणि सांगता सांगता हसली.

तो पैलवान त्या कट्ट्यावर रोजच येत असे. पुढे आमची ओळखही वाढली. त्याला देवदूत म्हटले तर तोच मोठ्याने हसेल. मी वाद करीत नाही. "तूच भरव" असे म्हणून बाहेर पडलो, वाट अडली, आणि पुढे भरविणारा उभा होता, एवढेच जाणतो. आपण देवीवर सोडून दिलेले ती उचलते. कोणत्या हातांनी, हे ठरविणे आपल्याकडे नाही.

हे वाचणाऱ्या सर्व गृहस्थांचे आणि गृहिणींचे आई जगदंबा कल्याण करो. तुमच्या घरची लेकरे तुमच्या पानाशेजारी बसोत, आणि त्यांच्या हातातला पेला नित्य रिकामा होऊन परत येवो.