सासूबाईंचे बेचाळीस किलो

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे क्रेनबाई म्हणत. ओल्या चादरींचा गठ्ठा दोघींनी मिळून उचलायचा असा तिथला नियम. ही एकटीच तो मशीनमधून ओढून गाड्यावर टाकायची. वय एकावन्न, गुडघे ठणठणीत, राग नाकावर. मुलगा, सून आणि ती असं तिघांचं घर ती चालवत होती. चालवत होती म्हणजे, पडदे कधी धुवायचे आणि खिडकी कोणती उघडी ठेवायची इथपर्यंत सगळं.

वेटलिफ्टिंगचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं त्रेचाळिसाव्या वर्षी. लाकडाच्या वखारीमागे पत्र्याचा एक हॉल होता आणि तिथे एक निवृत्त मास्तर शिकवायचे. पहिले दोन महिने त्यांनी हिच्या हातात झाडूचा दांडा दिला.

"झाडूच धरायचा तर घरी काय वाईट होतं?" ती म्हणाली.

"बाई, ताकद तुमच्याकडे आहेच," मास्तर म्हणाले. "मी फक्त खाली बसायला शिकवतो."

हीच त्यांची सगळी विद्या. स्नॅचमध्ये दांडी एका दमात जमिनीवरून डोक्यावर न्यायची असते, पण नुसत्या ओढण्याने ती तिथवर जात नाही. पायांच्या जोरावर ती छातीपर्यंत येते, आणि तेवढ्या क्षणात माणसाने स्वतःच तिच्याखाली जाऊन बसायचं. जड वस्तू अंगावर आली की मागे सरायचं हे शरीराला जन्मापासून ठाऊक असतं. तिच्याखाली शिरायचं, हे मात्र शिकावं लागतं. "तुमचं वय, तुमचा मान, तुमचा राग, दांडीला यातलं काही कळत नाही," असं मास्तर म्हणायचे. क्रेनबाईला ते अगदी पटलं होतं. निदान हॉलमध्ये तरी.

सुनेला हॉलवर आणलं तेही तिनेच. सून चष्म्याच्या दुकानात कामाला. अंगाने बारीक, बोलायला कमी. तीन वर्षांत तिने सासूला गाठलं आणि दोघी एकाच वजनगटात आल्या. मुलगा म्हणायचा, "आता घरात भांडण झालं तर मी शेजारी राहायला जाणार."

त्या रविवारी दोघींची स्पर्धा होती. प्रत्येकीला तीन प्रयत्न. एकदा दांडीवर चढलेलं वजन पुन्हा कमी होत नाही, आणि तिन्ही प्रयत्न चुकले तर शून्य. म्हणजे स्पर्धेतूनच बाद. म्हणून मास्तरांचा दंडक असा की पहिला आकडा अंगात ताप असतानाही उचलता येईल असाच लिहायचा. क्रेनबाईच्या कार्डावर एकोणचाळीस होते, सुनेच्या एकेचाळीस. सून पुढे चव्वेचाळीस आणि शेवटी सत्तेचाळीस उचलणार होती. या स्पर्धेचा विक्रम सेहेचाळीसचा होता आणि तो मोडायला ती वर्षभर खपली होती.

भिंतीवरचा तक्ता वाचून मुलगा म्हणाला, "आई, आज तुझी सून पुढे आणि तू मागे."

पोराने गंमत केली, पण ती हिला झोंबली. मास्तरांची पाठ वळल्याचं पाहून ती नोंदणीच्या टेबलापाशी गेली आणि एकोणचाळीस खोडून बेचाळीस लिहून आली. बेचाळीस तिने आयुष्यात एकदाच उचलले होते.

सुनेने एकेचाळीस उचलले. मग क्रेनबाई आली. तिने दांडी अशी ओढली की जणू दांडीनेच तिला टोमणा मारला होता, आणि खाली बसायचं राहूनच गेलं. दांडी पुढे आदळली. लगोलग तिचंच नाव पुन्हा पुकारलं गेलं, कारण बेचाळीसवर दुसरं कोणी नव्हतं. दोन मिनिटं मिळाली. पुन्हा तेच झालं.

मागच्या खोलीत ती स्टुलावर बसली तेव्हा तिच्या मांड्या थरथरत होत्या आणि श्वास जागेवर नव्हता. शेवटच्या प्रयत्नाचं घड्याळ सुरू झालं होतं. शून्य घेऊन घरी जायचं, तेही सुनेच्या देखत!

इतक्यात भोंग्यावरून सुनेचं नाव आलं. तिने पुढचा आकडा चव्वेचाळीसवरून बेचाळीस केला होता. वजन सारखं असलं की कमी प्रयत्न झालेली आधी जाते, म्हणून क्रेनबाई थांबली. घाबरली पोर, तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. सून मात्र रमतगमत गेली. तिने दोन्ही तळव्यांना खडूची पूड चोळली, बुटाचा पट्टा सोडून पुन्हा बांधला, घड्याळातली वेळ संपत आल्यावर बेचाळीस सहज उचलले आणि तितक्याच सावकाश परतली.

"आई, रागावू नका दांडीवर," ती जाता जाता म्हणाली. "खाली बसा फक्त."

श्वास परत आला होता. क्रेनबाई गेली, तिने दांडी ओढली आणि ती खाली बसली. दांडी डोक्यावर स्थिर झाली. उठताना तिच्या तोंडून काय आवाज निघाला ते तिला कळलंही नाही. वजन मान्य झाल्याचे पंचांचे पांढरे दिवे लागले आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"तुम्हाला श्वास मिळावा म्हणून तिने स्वतःचा एक प्रयत्न घालवला," मास्तर शांतपणे म्हणाले. "आता बेचाळीसवरून एकदम सत्तेचाळीस. एकच संधी."

क्रेनबाईला थोबाडीत बसल्यासारखं झालं. पडद्याआडून तिने पाहिलं. सून सत्तेचाळीसच्या खाली गेली, अगदी पुरती गेली, दांडी डोक्यावर आलीसुद्धा, आणि मागे निसटली.

सून आत येऊन तोंड पुसत बसली. क्रेनबाई तिच्यासमोर उभी राहिली. तिला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"कशाला केलंस गं?"

"तुम्ही शून्य घेऊन आला असतात तर पंधरा दिवस घरात कोणाची बोलायची टाप होती का?" सून म्हणाली. हसता हसता तिचे डोळे भरले. "सत्तेचाळीस झाले असते, आई. हाताला लागले होते."

"चूक माझी होती."

सुनेने वर पाहिलं. हे शब्द त्या घरात आजवर कोणी ऐकले नव्हते.

स्पर्धेच्या दुसऱ्या भागाला, म्हणजे दांडी आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर न्यायच्या क्लीन अँड जर्कला, वीस मिनिटं होती. क्रेनबाईने आपलं कार्ड सुनेपुढे धरलं. त्यावर सकाळी तिच्याच हाताने लिहिलेले पंचावन्न होते.

"तू लिही."

सुनेने पंचावन्न खोडले आणि अठ्ठेचाळीस लिहिले. क्रेनबाईने वाचलं. धुलाईघरात एका ओल्या गठ्ठ्याचं वजनही याहून जास्त भरतं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने पेन घेतलं आणि खाली सही केली.