हवालदारांच्या हाताचा गुण

"तोंड नगं, पाय दाव," हे हवालदारांचं स्वागत. उंबऱ्यात कोणीही आलं की त्यांची नजर आधी खाली जायची. माणूस तोंडानं खोटं बोलतो, पायानं नाही, असं त्यांचं ठाम मत. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर थंडीचिखलात उभं राहून त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून उरलेल्या जगाची बोटं शाबूत ठेवणं ही आपलीच ड्यूटी, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मी तेव्हा उंब्रजच्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारी एका खोलीत राहत होतो. तुमच्याही शेजाराला असा एखादा परोपकारी छळवादी असेल, तर माझी दशा तुम्हाला कळेल. मी मूळचा वाईचा, चपलेशिवाय अंगणात न उतरणारा. एका पावसाळ्यात माझ्या पायाच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आणि हवालदारांना पर्वणीच लाभली. रोज मिठाच्या कोमट पाण्यात पाय, मग प्रत्येक बेचकं फडक्यानं कोरडं करायचं, मग वर हळद. पिवळे पाय घेऊन शाळेत गेलो, तेव्हा पोरं लग्नाची तारीख विचारू लागली.

भेगांना ते मेणतेलाचं मलम लावत, काट्याला सुई. कुरूप असलं तर आधी भिजवून मऊ करायचं, पातळ चाकूनं थर तासायचे आणि शेवटी मूळ काढायचं. गावात कुरुपावर बिब्बा लावायची रीत होती. त्यानं कातडी भाजून निघते, म्हणून बिब्ब्याचं नुसतं नाव काढलं तरी हवालदार चवताळत. त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. डोळे आले तरी ते तळपायच चोळायला सांगत. पण पायापुरता त्यांच्या हाताला गुण होता, हे मीही मान्य करतो.

दुसरं महायुद्ध पेटलं आणि हवालदारांची ओसरी भरू लागली. कराडला भरतीसाठी जाणारी पोरं आधी यांच्याकडून पाय नीट करून घ्यायची. आपल्या हातचा पोरगा पायामुळे कधी परत आला नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

पलीकडच्या आळीतल्या एका विधवेचा थोरला असाच गेला आणि आफ्रिकेत कामी आला. वर्षभरानं धाकटाही भरतीला उभा राहिला. तळपायाला कुरूप होतं, म्हणून पाय बरा करून ये असं सांगून त्याला परत धाडलं. पोरगं थेट ओसरीवर आलं. हवालदारांनी पाय पाहिला आणि उद्यापासून यायला सांगितलं.

संध्याकाळी त्याची आई आली. त्याही पावसाळ्यात माझे पाय त्यांच्या घमेल्यात होते, त्यामुळे उठून जायचीही सोय नव्हती. ती उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "आवं, थोरल्याचं पाय तुमीच नीट केलं हुतं. ह्याचं तेवढं ऱ्हाऊ द्या."

ती गेली, घमेल्यातलं पाणी पार थंड झालं, तरी माझे पाय बाहेर काढायचं हवालदारांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. भिजवणं, तासणं, सगळं यथासांग. फक्त मूळ तेवढं आत राहायचं. थोडे दिवस बरं वाटे, मग कुरूप पुन्हा वर येई. पोरगं कराडला जाई आणि लंगडत परत येई. गावाला काय, तेवढंच हवं असतं. हवालदारांचा गुण गेला, अशी बोलवा झाली. लोक पुन्हा बिब्ब्याकडे वळले. एकदा पाराजवळ त्या पोरानं चारचौघांत, म्हातारं आंधळं झालंय, असं सुनावलं. हवालदार मान खाली घालून ऐकत राहिले. मला सगळं ठाऊक होतं आणि गप्प बसावं लागत होतं. खरं सांगतो, इतका राग मला कधीच गिळावा लागला नाही.

अखेर लढाई संपली. शाळेत साखर वाटून मी घरी येतो, तो हवालदार त्या पोराला दंडाला धरून ओसरीवर बसवत होते. त्यांनी पाय भिजवला, चाकू चालवला आणि मूळ काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. पोरगं उठलं, टेकून-दाबून अंगणात फिरलं आणि मध्येच थांबलं. त्याच्या ध्यानात आलं होतं.

"इतकं सोपं हुतं व्हय?"

हवालदार चाकू पुसत होते. "सोपं कुठलं रं," ते म्हणाले. "लय अवघड हुतं."

पोरगं पाया पडायला वाकलं, तर त्यांनी पाय मागे घेतले. "माज्या नगं. आईच्या पड जा."

पुढच्या हिवाळ्यात हवालदार गेले. मागे कोणी नव्हतं. गावकरी तिरडी बांधू लागले, तेव्हा त्या पोराची आई बायकांतून उठून पुढे आली. कोणाला काही न विचारता तिनं त्यांचे पाय कोमट पाण्यानं धुतले, पदरानं पुसले आणि मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. थोरला परमुलखात गेला, तेव्हा त्याचे पाय तिला धुवायला मिळाले नव्हते.