आप्पांचा खोकला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही. तिला सांगितलं तर ती फोन ठेवेल, आणि मग मिरजेत माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नाही. आप्पांना जाऊन नऊ महिने झाले. लोक अजूनही मला धीर देतात — कामावरचे, इथली मराठी मंडळी — आणि मी मान हलवतो. त्यांना वाटतं मी दुःखात आहे. आहेच. पण दुःखाखाली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती भीती आहे.

कशाची भीती? मी ऑस्ट्रेलियात, टूवूंबात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो. तिथे दिवसभर शांतता असते. कपाटांमागे कुणी विद्यार्थी खोकला, की मी जिथे असेन तिथे थांबतो. मी हातातलं पुस्तक खाली ठेवतो आणि तो खोकला थांबायची वाट बघतो. एवढंच. ऐकायला किती क्षुल्लक वाटतं, नाही?

सुरुवात कुठून करू — आप्पा काय करायचे, तिथूनच करायला हवी, कारण तेच मी लपवलं. माझे वडील मिरजेच्या एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. चाळीस वर्षं. लाल कोट, खांद्यावर पिवळ्या झालरी, डोक्यावर तुरा. वरातीपुढे चालत वाजवायचं, नवरा उतरला की बाजूला उभं राहायचं, पंगती उठल्या की मांडवामागे जेवायचं. मला क्लॅरिनेट त्यांनीच शिकवलं. त्याच पैशांवर मी शिकलो, इथे एम.ए. करायला आलो, मग नोकरी, मग पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी.

विद्यापीठाचा एक विंड बँड आहे. नुसती फुंकायची वाद्यं आणि ताल — बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. बहुतेक विद्यार्थी, थोडे माझ्यासारखे नोकरीतले. मी तिसऱ्या क्लॅरिनेटच्या रांगेत बसतो. तिथे कुणाचं लक्ष जात नाही म्हणून मला ती जागा आवडते.

पहिल्या वर्षी आमच्या एका कार्यक्रमाला इथली मराठी मंडळी आली होती. नंतर चहा पिताना नीलाताईंचे मिस्टर मोठ्याने म्हणाले, "सुहास, मस्त रे! नुसता लाल कोट घालायचा राहिला. पुढच्या वेळी एक घोडा पण आणू!" सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसलो. मग नीलाताईंनी विचारलं, घरी कुणी वाजवतं का? त्या इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहेत, फार प्रेमळ बाई आहेत, त्यांनी अगदी सहज विचारलं होतं. मी म्हणालो, वडील शाळेत संगीतशिक्षक होते.

तेव्हा ही थाप फार लहान वाटली. कोण येणार होतं तपासायला?

आले. स्वतः आप्पाच आले — आई गेल्यानंतर तीन महिन्यांसाठी, माझ्याकडे. केबिन बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं त्यांचं क्लॅरिनेट होतं. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा त्यांनी म्हणे त्या अधिकाऱ्याला दोन ओळी वाजवून दाखवल्या. "हसला की रं तो," मला सांगत होते. "म्हनला, गुड." मीही हसलो, आणि त्याच क्षणी मला कळलं. हा माणूस इथे कुणालाही, कधीही, अभिमानाने सांगेल.

सहा आठवडे मी त्यांना कुणाच्या घरी नेलं नाही. टूवूंबात गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, आणि गाडी माझ्याकडे होती. त्यांना फक्त बँडच्या तालमीला न्यायचो, कारण तिथे मराठी कुणी नव्हतं.

वर्षअखेरचा कार्यक्रम अमेरिकन संगीताचा ठरला होता. शेवटी एक जुना मार्च, म्हणजे लष्करी कूचाची धून. पहिल्या तालमीला तो सुरू झाला आणि मागच्या खुर्चीवर आप्पा ताठ झाले. ती चाल त्यांना येत होती! त्यांच्या उस्तादांनी ती एका लष्करातल्या वादकाकडून उचलली होती, आणि मिरजेत कित्येक नवरदेव त्या चालीवर मांडवात शिरले होते. नाव त्यांना माहीत नव्हतं. ती अमेरिकेची आहे हेही नाही.

मधल्या सुटीत त्यांनी माझ्या क्लॅरिनेटचं रीड, तोंडाशी असते ती वेताची पातळ पट्टी, काढून उजेडात धरलं, खिशातल्या ब्लेडने कडेला जरासं तासलं आणि परत बसवलं. आमची संचालिका हेलन हे बघत होती. असं रीड तासणारा माणूस काय करतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती धावतच आली. आमच्याकडे एक पद्धत आहे — वर्षाच्या शेवटच्या कार्यक्रमात, शेवटच्या तुकड्याला, घरचं कुणी वाजवणारं असेल तर त्याला स्टेजवर बोलवायचं आणि आपल्याशेजारी बसवायचं. हेलन म्हणाली, तुझ्या वडिलांना तुझ्याशेजारी बसव, मी खुर्ची मांडते.

आप्पांनी विचारलं, "काय म्हनत्यात बाई?"

मी म्हणालो, "रीड छान केलंत म्हणतेय."

त्या दिवसापासून ते रोज गॅरेजमध्ये तो मार्च वाजवत. दार लावून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. त्यांच्या वाजवण्यात एका जागी एक हरकत होती, उस्तादांची, आमच्या कागदावर नसलेली. आणि तो आवाज — रस्त्यावर चारशे माणसांवरून जाणारा, धारदार. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकायचो आणि मला दिसायचं: हॉलमध्ये हा आवाज निघाला की नीलाताईंच्या मिस्टरांना एका क्षणात कळेल. शाळेतले संगीतशिक्षक असं वाजवत नाहीत.

एका संध्याकाळी जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "सुहास, तुमच्यात बाहेरचा मानूस बसला तर चालतंय का? एकच गानं. आपन आयुष्यात खुर्चीवर बसून कधी वाजवलं न्हाई."

मी म्हणालो, "विद्यापीठाचा नियम आहे, आप्पा. बाहेरच्यांना नाही चालत."

"बरं बरं," ते म्हणाले. "नियम म्हंजे नियम."

दुसऱ्या दिवशी, त्याच स्वयंपाकघरातून, मी हेलनला फोन केला. सांगितलं की वडिलांची फुप्फुसं खराब आहेत, डॉक्टरांनी वाजवायला सक्त मनाई केली आहे. त्यांच्यासमोर हा विषय काढू नकोस, त्यांना वाईट वाटतं. गॅरेजमधून त्यांचा आवाज येत होता. तो तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोनला हाताचा आडोसा करून बोलत होतो.

आई म्हणायची, घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. माझा यावर विश्वास नाही. भाड्याच्या घरात, टूवूंबात, कोण तथास्तु म्हणणार? — पण गेल्या वर्षी मिरजेच्या डॉक्टरांनी मला व्हिडिओवर आप्पांच्या छातीचा फोटो दाखवला आणि फुप्फुसं खराब झालीत म्हणाले, तेव्हा मला आठवलं ते हेच स्वयंपाकघर.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून दुसऱ्या रांगेत बसले. दोन खुर्च्या सोडून नीलाताई आणि त्यांचे मिस्टर. मी वाजवत होतो की नुसता फुंकत होतो, मला आठवत नाही. मला फक्त शेवटच्या तुकड्याची भीती होती. आणि खरं सांगतो, मला ती पद्धत माहीत होती, तिचा अर्थ कळत होता, तरी आप्पांना ती तिथे बसून बघावी लागेल, याचा विचार मी केलाच नव्हता. मी फक्त माझ्यापुरता विचार केला होता.

हेलनने माइक घेतला. प्रेक्षकांतून एकेकजण उठायला लागले. एक म्हातारा शेतकरी ट्रॉम्बोन घेऊन आला, नातीच्या शेजारी बसला. कुणाची आई बासरी घेऊन आली. आठ-नऊ माणसं. सगळी बाहेरची. लोक टाळ्या वाजवत होते.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हिशेब जुळत नसला की माणूस कागदाकडे बघतो, तसं. मग त्यांना कळलं, आणि ते कळताना मी स्टेजवरून बघितलं. पूर्ण मार्चभर त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती.

नंतर चहाच्या टेबलापाशी हेलन त्यांच्यापाशी गेली. मी गर्दीतून वाट काढेपर्यंत तिने त्यांचा हात हातात घेतला होता. तिला राहवलं नाही. सावकाश, मोठ्याने, स्वतःच्या छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "सो सॉरी अबाउट युअर लंग्ज."

मागून नीलाताई. "अगंबाई! लंग्जना काय झालं? सुहास, मला बोलला नाहीस ते? आप्पा, काय होतंय तुम्हाला?"

आप्पांनी आधी नीलाताईंकडे, मग माझ्याकडे बघितलं — फार तर दोन सेकंद. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि खोकले.

"काई न्हाई ओ, ताई," ते म्हणाले. "धाप लागतीया जरा. तिकडं दाखवलंय, औषध चालू हाय."

"आणि तुम्ही शाळेत संगीत शिकवायचात ना?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "शिकवायचो."

गाडीत ते बाहेर बघत होते. मी माफी मागेन असं मला वाटत होतं. दोन सिग्नल गेले, तिसरा गेला. मग तेच बोलले, हलक्या आवाजात, कामाचं बोलावं तसं.

"शाळंचं नाव काय सांगितलंयस? इचारलं कुनी तर एकच सांगाया पायजे."

मी तेव्हा गाडी बाजूला घ्यायला हवी होती. मी घेतली नाही. मी त्यांना सांगितलं. शाळेचं नाव, किती वर्षं, कुठले वर्ग. छातीचं दुखणं कधीपासून, गोळी दिवसातून किती वेळा. त्यांनी एकदा सगळं म्हणून दाखवलं आणि एक चूक झाली ती मी सुधारली.

त्यानंतर ते पाच आठवडे माझ्याकडे होते. गॅरेजचं दार पुन्हा उघडलं नाही. नीलाताई दोनदा येऊन गेल्या, दुसऱ्या वेळी पुरणपोळ्या आणि छाती तपासायची नळी घेऊन. आप्पांनी तपासू दिलं नाही, हसून टाळलं. बोलता बोलता त्यांना खोकला आला, थांबेना, डोळ्यांत पाणी आलं. तो खोटा आहे हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. नीलाताई माझ्याकडे बघत होत्या. मी उठलो, आप्पांच्या शेजारी बसलो, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.