टर्कीच्या शिकारीत ऐकलेली खुडूक

शेजारच्या डेल यांचे कान गेले, म्हणून मी टर्की पक्ष्याच्या शिकारीला गेले. आधीच सांगते, कारण दत्ताला नवस बोलून एकवीस वर्षांपूर्वी मांसाहार सोडलेली बाई तिकडे कशाला, हे इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या भजनातल्या तिघींनी विचारून झालंय.

डेल चौऱ्याहत्तर वर्षांचे. बारीक आवाज त्यांना येत नाहीत, त्यामुळे रानटी टर्की कुठे बोलते ते कळत नाही. तीन वसंत हात हलवत परतले. लिंडा, त्यांची बायको, म्हणाली, "यंदाही तसंच झालं तर बंदूक पुतण्याला देऊन टाकायची." त्यांनी कान म्हणून आधी आमच्या यांना विचारलं. पण यांना पंधरा मिनिटं गप्प बसवणं कुणालाच जमलेलं नाही. मी म्हटलं, मी येते, पण फक्त दिशा सांगेन. पक्ष्याला हात लावणार नाही.

"येस मॅम," डेल म्हणाले.

हंगामाचा शेवटचा शनिवार गाठायचा म्हणून डेल, मी आणि सोबतीला हे, असे तिघं शुक्रवारी दुपारी निघालो. युव्हारीचं जंगल पश्चिमेला दोन तासांवर. रस्ता चांगला, शेवटचे काही मैल खडीचे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही घरचंच नेलं होतं. वाटेत शाकाहारी म्हणून फक्त तळलेले बटाटे मिळतात. मोटेलची खोली स्वच्छ होती. जाणाऱ्यांनी शिकारीचे नियम आधी विचारून घ्यावेत, बंदूक न धरता नुसतं बसायचं असलं तरी.

पहाटे डेल माझ्या कपाळाकडे बघत उभे राहिले. रानात लाल, पांढरं, निळं चालत नाही. नर टर्कीच्या डोक्याचे तेच रंग, दुसरा शिकारी फसतो.

"मॅम, तो लाल ठिपका..."

"कुंकू पुसणार नाही."

हे अंथरुणातूनच म्हणाले, "डेल, मी सदतीस वर्षं हरतोय. तुम्ही आत्ताच हरा, उजाडायच्या आत पोचाल."

शेवटी यांची हिरवी माकडटोपी भुवयांपर्यंत ओढली. बांगड्या वर सारून रुमालाने बांधल्या. परपुरुषाला सारखा हात कशाला लावायचा, म्हणून त्यांच्या जाकिटाच्या खांद्यांना दोन सुतळ्या बांधल्या. आवाज डावीकडे आला की डावी ओढायची, उजवीकडे आला की उजवी.

ओकच्या बुंध्याशी बसलो. डेल पाटीसारख्या चकतीवर काडी घासून मादीचा आवाज काढत होते. नर त्याला भुलून येतो. मादीचे नऊ आवाज त्यांनी मला फोनवर ऐकवून पाठ करून घेतले होते.

उजवीकडून आला तो दहावा. चोच न उघडता, घशातल्या घशात. कुर्र, कुक, कुर्र. मी कर्तव्य म्हणून उजवी सुतळी ओढली, आणि मग आवाज ओळखला. संगमेश्वरला आईकडे कोंबड्या होत्या. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी, पिल्लं आतून बोलू लागली की त्यांना अशी उत्तरं देते.

डेल वळले होते. नेच्यातून पक्षी उठला. छातीवर केसांचा झुपका. झुपका असेल त्यालाच मारायची परवानगी. क्वचित मादीलाही असतो, मग तीही चालते. बंदूक वर गेली.

"खुडूक आहे," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. खुडूकला इंग्रजीत काय म्हणतात ते मॅट्रिकपर्यंत शिकवलेलं नव्हतं. मी सुतळी जोरात ओढली. "डेल, मदर. एग्ज टॉकिंग."

ती पळाली नाही. पिसं फुलवून तिथेच उभी राहिली. डेलनी बंदूक मांडीवर ठेवली.

तेवढ्यात डावीकडे नर खच्चून ओरडला. अगदी जवळ. डावी सुतळी माझ्या मुठीत होती. बार झाला की ही पळून जाणार आणि फुटायला आलेली अंडी गार पडणार. मी सुतळी ओढली नाही. थोड्या वेळाने नर निघून गेला.

"डावीकडे काही?" डेलनी विचारलं.

"नाही."

घरी लिंडा दारातच उभी होती. तिने हात पुढे केला, डेलनी बंदूक दिली.

या सहलीतलं रान, धुकं, सगळं बरं होतं. पण माझ्याजवळ राहिलं ते माझं "नाही". रविवारी पोथी उघडली आणि तशीच मिटली. सोमवारी डेल यांच्या ओसरीवर जाऊन सांगितलं, "डावीकडे नर होता. मी खोटं बोलले."

"वीस पावलांवर होता, सुमन. तेवढं मलाही ऐकू येतं."

"मग वळला का नाहीत?"

"अंडी बोलतात हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ती काय म्हणत होती?"

मी घशातल्या घशात करून दाखवलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "पुन्हा."

मी चौथ्यांदा आवाज काढला तेव्हा लिंडा आतून म्हणाली, "तिच्या घशात काही अडकलंय का? पाणी आणू?"

"थांब गं," डेल म्हणाले. "मला ऐकू येतंय."