द्वारकाबाईंनी मंडपाचं कापड उतरवलं

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याच्या द्वारकाबाईंचा धंदा मंडपाचा. लोखंडी पाईप, दोर, कापड, खुर्च्या आणि सहा गडी. लग्नसराईत त्यांचा टेम्पो गेला नाही असं गाव हिंगोली जिल्ह्यात शोधावं लागेल. नवरा व्यंकटराव खुंट्या ठोकायचे, बाकीचं सगळं द्वारकाबाई बघायच्या.

पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांनी गावातच एक मंडप बांधला होता. दुपारी पानसुद्धा हलत नव्हतं. चारच्या सुमाराला आभाळ काळवंडलं, आणि कुणाला काही समजायच्या आत कापडात वारा भरून सगळा मंडप खुंट्यांसकट उचलला गेला. माणसं पळाली म्हणून वाचली. एक पाईप मात्र व्यंकटरावांच्या मांडीवर पडला. हाड जुळलं, पण पाय कायमचा आखूड झाला.

"हे कुणालाच आधी कळलं नसंल का?" दवाखान्यात बसल्या बसल्या द्वारकाबाईंनी सुनेला विचारलं.

सून प्रियंका. तिने मोबाईलवर हवामान खात्याचा इशारा शोधून काढला. प्रत्येक जिल्ह्याला रंग दिलेला नकाशा होता. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा. त्या दिवशी हिंगोलीवर नारंगी होता. खाली विजा, सोसाट्याचा वारा, गारपीट असं लिहिलेलंही होतं. यांनी ते बघितलं नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून दुपारी भाकरीच्या आधी नकाशा, हा द्वारकाबाईंचा नेम झाला. पण नुसत्या रंगाने पहिल्याच वर्षी त्यांची फजिती केली. सेनगावात एका साखरपुड्याला त्यांनी नारंगी बघून मंडप उतरवला, आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं. पाहुणे उन्हात तापले. "वादळवाल्या बाई आल्या," असं लोक पुढे वर्षभर म्हणत होते.

त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि विचार केला. जिल्हा केवढा मोठा. वादळ तिकडे डोंगरकडा गावात फुटलं तर साखऱ्यात थेंब पडत नाही. रंग भागाची भीती सांगतो, आपल्या मंडपाची नाही. ती आपणच शोधायची.

मग त्यांनी माणसं जोडली. धंद्याच्या निमित्ताने गावोगाव ओळखी होत्याच. जिंतूरला रस्त्यावर चहाचं हॉटेल चालवणाऱ्या जनकाबाई, औंढ्याला देवळाजवळ हार विकणारा प्रेमदास, अशी अकरा माणसं. काम एकच. वारा सुटला, गार पडली, की फोन करायचा. कुठे किती वाजता आलं हे द्वारकाबाई वहीत लिहीत, आणि त्यावरून पुढच्या गावाला किती वेळ आहे याचा अंदाज बांधत. अंदाज चुकायचाही. चुकला तर तोही लिहून ठेवत.

ऑर्डर घेताना त्यांची एक अट असे. जवळ स्लॅबची इमारत हवी आणि तिची किल्ली सकाळीच त्यांच्या हातात.

यंदाच्या एप्रिलमध्ये शिरड शहापूरच्या विजयकुमारांच्या मुलीचं, ऐश्वर्याचं लग्न होतं. मुहूर्त संध्याकाळी सहा पस्तीसचा. साठ बाय एकशेवीस फुटांचा मंडप, त्याला लागूनच जिल्हा परिषदेची शाळा. नकाशावर परभणी, हिंगोली, नांदेड तिन्ही नारंगी. सकाळपासून अंगाला चिकटणारा दमट उकाडा होता.

साडेतीनला जनकाबाईंचा फोन आला. "बाई, गारा! लिंबाएवढ्या! माझ्या हॉटेलावरचे टिन उडाले. तुमच्याच अंगाला चाललंय सगळं."

द्वारकाबाईंनी हिशोब केला. जिंतूरहून इथे यायला तास, फार तर सव्वा तास. एवढ्या मंडपाचं कापड उतरवायला एक तास. त्यांनी शिट्टी मारली. गडी पाईपांवर चढले.

मंडपात तोवर सहाशे माणूस जमलं होतं. विजयकुमार धावतच आले. "वरात येऊन राहिली अन् तुमी मंडप मोडून राहिल्या? काहून? पोरीच्या लग्नात अपशकुन करता का?"

"देवाचा मांडव तुमच्या दारात हाये, त्याला मी हात लावत न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी फक्त कापड काढून राहिले. जिंतूरला गारा पडल्यात. ते इकडंच येऊन राहिलं."

"जिंतूर कुठं अन् शिरड कुठं! ऊन बघा जरा."

ऊन खरंच होतं. लोक हसायला लागले. कुणीतरी "वादळवाल्या" म्हणालंसुद्धा. सेनगावसारखं झालं तर पुन्हा कुणी ऐकणार नव्हतं.

तेव्हा व्यंकटराव लंगडत पुढे आले. ते चार माणसांत बोलणारे नव्हते. त्यांनी धोतर गुडघ्याच्या वर घेतलं आणि मांडीवरचा वीतभर व्रण दाखवला. "दादा, त्या दिवशीबी असंच ऊन होतं. हा एकच पाईप. तुमच्या मंडपात दोनशे हायेत."

विजयकुमारांनी व्रणाकडे बघितलं. मग वळले आणि स्वतःच माईक हातात घेतला. "बायामाणसं, लेकरं आधी. चला, शाळेत चला!"

स्वयंपाकी टिनाच्या शेडमध्ये होते. द्वारकाबाईंनी गॅस बंद करायला लावला आणि त्यांनाही बाहेर काढलं. "टिनाखाली कुणी थांबायचं न्हाई. स्लॅबखाली चला." वरात गावाबाहेर होती. तिला बाजासकट गाडीत घालून शाळेत आणलं.

साडेचारला प्रेमदासचा फोन आला. आवाजापेक्षा मागचा धडधडाटच जास्त ऐकू येत होता. "औंढ्यात आलं, बाई!"

कापडाचे शेवटचे दोन पट्टे राहिले होते. "उतरा खाली! राहू द्या ते!" त्या ओरडल्या. गडी पळत वर्गात शिरले.

पाच वाजायला आठ मिनिटं असताना वारा आला. राहिलेले दोन पट्टे त्याने फाडून नेले. पाठोपाठ गारा आल्या. स्वयंपाकाची शेड मुळासकट उचलली गेली आणि पलीकडच्या हळदीच्या वावरात जाऊन पडली. अर्धा तास कुणाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पाईपांचा सांगाडा मात्र जागच्या जागी उभा होता. अडवायला कापडच नव्हतं, वारा आरपार निघून जात होता.

थांबल्यावर द्वारकाबाईंनी वर्गावर्गात जाऊन विचारलं. कुणाला खरचटलंही नव्हतं.

मग जो आवाज उठला तो काय सांगावा! सहाशे माणसं एकदम बोलायला लागली. वाजंत्र्यांनी न सांगता वाजवायला सुरुवात केली. पाहुण्यांनी हाताने गारा लोटून पटांगण साफ केलं, आणि सहा पस्तीसला, ठरल्या मिनिटाला, उघड्या धुतलेल्या आभाळाखाली ऐश्वर्याच्या डोक्यावर अक्षता पडल्या.

विजयकुमारांनी द्वारकाबाईंना मुलीच्या आत्यांच्या रांगेत उभं केलं आणि आहेराची साडी दिली. "बहिणीला देऊन राहिलो," ते म्हणाले. द्वारकाबाई एवढंच म्हणाल्या, "जनकाबाईचे टिन उडालेत. उद्या माझी माणसं तिकडं जातील, तुमचीबी चार द्या."

"चार काहून? मीच येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिंतूरच्या हॉटेलावर नवं छप्पर चढलं होतं. महिन्याभरात द्वारकाबाईंची अकरा माणसं चाळीसवर गेली. डोंगरकड्याचे केळीवाले, औंढ्याकडचे हळद वाळवणारे, सगळे आपणहून जोडले गेले. व्यंकटरावांनी भिंतीवर हिंगोली-परभणीचा मोठा नकाशा लावला, आणि जिथे जिथे आपलं माणूस आहे तिथे तिथे एकेक खिळा ठोकला.